शहरीकरणाचा वेग: विकसनशील आणि विकसित देशांत इतका फरक का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत संपते. विकसनशील देशांत खेड्यांतून लोंढे येतात म्हणून वेग जास्त. विकसित देश आधीच शहरी झालेले आहेत म्हणून वेग कमी. यातले दुसरे वाक्य बरेचसे खरे आहे. पहिले मात्र अर्धेच खरे आहे, आणि त्या अर्ध्या उत्तरामुळे शहरात आलेल्या माणसाकडे आपण चुकीच्या नजरेने पाहतो. म्हणून ही प्रश्नोत्तरे जरा सविस्तर लिहिली आहेत.

शहरीकरणाचा दर म्हणजे नेमके काय मोजतात?

या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी बोलल्या जातात, आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. पहिली गोष्ट म्हणजे पातळी: देशातल्या दर शंभर माणसांपैकी शहरात किती राहतात. दुसरी, ही पातळी किती झपाट्याने वर चढते आहे. तिसरी, शहरांतली लोकसंख्या वर्षाला किती टक्क्यांनी वाढते आहे. शहरांची लोकसंख्या भराभर वाढत असतानाही पातळी जवळपास जागेवर राहू शकते. खेड्यांचीही लोकसंख्या तितक्याच वेगाने वाढत असली की असे होते.

एक साधे गणित करून पाहू. एका देशात ८० लोक खेड्यांत आणि २० शहरांत राहतात. खेड्यांतले दोघे शहरात गेले. खेड्यांनी अडीच टक्के माणसे गमावली, पण शहर एकदम १० टक्क्यांनी वाढले. आता दुसरा देश घ्या, जिथे ८० लोक शहरांत आणि २० खेड्यांत आहेत. इथेही दोघेच निघाले. खेड्यांची १० टक्के माणसे गेली, तरी शहर फक्त अडीच टक्क्यांनी वाढले. स्थलांतर दोन्हीकडे दोघांचेच, पण शहरांच्या वाढीच्या दरात चौपट फरक पडला. विकसित आणि विकसनशील देशांच्या दरांतला बराच फरक असा निव्वळ भागाकारातून आलेला असतो. लोक कुठे जास्त उतावीळ आहेत आणि कुठे कमी, हे त्यावरून कळत नाही.

आज जगात कुठे किती शहरीकरण झाले आहे?

संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातले ५५ टक्के लोक शहरांत राहत होते. १९५० मध्ये हे प्रमाण ३० टक्के होते, आणि २००७ च्या सुमारास जगाने पन्नाशी ओलांडली. उत्तर अमेरिका ८२, लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन ८१, युरोप ७४, आशिया ५० आणि आफ्रिका ४३ टक्के, असे चित्र होते. २०५० पर्यंत जगातल्या शहरांत आणखी अडीचशे कोटी लोकांची भर पडेल आणि त्यातली जवळपास ९० टक्के भर आशिया व आफ्रिकेत असेल, असाही त्या अहवालाचा अंदाज होता.

या यादीत लॅटिन अमेरिकेकडे नीट पाहावे. तो प्रदेश युरोपहून गरीब आहे, तरी युरोपहून जास्त शहरी आहे. पैसा आला की शहरीकरण होते, इतका सरळ हा हिशेब नाही.

विकसित देशांत वेग मंदावला तो का?

मुख्य कारण असे की खेड्यांतून निघण्यासारखे फारसे कोणी उरलेलेच नाही. अमेरिकेत शेतीवर काम करणारे लोक एकूण रोजगाराच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहेत. जे खेड्यात राहतात त्यांतले बहुतेक शेतकरी नाहीत. त्यांची नोकरी, दुकान, शाळा, दवाखाना सगळे गाडीच्या टप्प्यात असते. शहरातल्या सोयी मिळवण्यासाठी त्यांना शहरात राहायला जावे लागत नाही. अशा देशांत पातळी ७५-८० टक्क्यांच्या पुढे गेली की रेघ आडवी होऊ लागते.

त्यात जन्मदर घटलेला. जपान, इटली, जर्मनी या देशांत जन्मांपेक्षा मृत्यू जास्त आहेत. तिथली शहरे स्वतःच्या मुलांच्या बळावर वाढत नाहीत. वाढलीच तर बाहेरून आलेल्या माणसांमुळे वाढतात.

शिवाय शहरे उलटीही फिरतात. लंडनची लोकसंख्या १९३९ मध्ये ८६ लाखांच्या घरात होती. महायुद्ध, शहराभोवतीचा हरित पट्टा, बाहेर वसवलेली नवी गावे आणि बंद पडलेले कारखाने यांमुळे ती १९८० च्या दशकात ६८ लाखांवर आली, आणि जुना आकडा पुन्हा गाठायला २०१५ साल उजाडले. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये १९५० साली साडेअठरा लाख लोक होते; २०२० च्या जनगणनेत साडेसहा लाखांच्या आतच राहिले. आपल्याकडेही हे घडले आहे, फक्त फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या बेटाची, लोकसंख्या सुमारे साडेसात टक्क्यांनी घटली. त्याच काळात ठाणे, कल्याण, वसई, पनवेल फुगत गेले.

पण विकसित देशही कधीतरी असेच शहरी झाले ना? मग तेव्हा आणि आता फरक काय?

फरक आहे, आणि तो मृत्यूचा आहे.

ब्रिटन हा निम्म्याहून अधिक शहरी झालेला पहिला मोठा देश. इंग्लंड-वेल्सच्या १८५१ च्या जनगणनेत ते दिसले, आणि १९०१ पर्यंत तिथले चारपैकी तीन लोक शहरी झाले होते. पण ती शहरे माणसे गिळत होती. ब्रिटिश आरोग्यसुधारक एडविन चॅडविक यांच्या १८४२ च्या अहवालात मँचेस्टरमधल्या मजूर कुटुंबांतले मृत्यूचे सरासरी वय १७ वर्षे दिले आहे, आणि रटलंड या ग्रामीण भागातल्या मजुरांचे ३८. बालमृत्यू धरून काढलेली ती सरासरी आहे, पण शहर आणि खेडे यांतली दरी तिच्यातून स्पष्ट दिसते. पटकीच्या साथी १८३२, १८४८-४९ आणि १८५४ मध्ये आल्या. टेम्स नदीची दुर्गंधी १८५८ च्या उन्हाळ्यात थेट संसदेत शिरली, तेव्हा कुठे लंडनच्या मोठ्या भुयारी गटारांचे काम मार्गी लागले. अशा शहरात जन्मांपेक्षा मृत्यू जास्त किंवा जेमतेम बरोबरीचे असत. शहर नुसते टिकून राहायलाही खेड्यांतून माणसे यावी लागत, आणि वाढायला तर त्याहून कितीतरी जास्त.

विसाव्या शतकाच्या मध्यावर आशिया-आफ्रिकेत परिस्थिती उलटी झाली. लसी, प्रतिजैविके, मलेरियावरची फवारणी, क्लोरीन टाकलेले पाणी या गोष्टी कारखान्यांच्या आधी पोहोचल्या. मृत्युदर झपाट्याने खाली आला, जन्मदर मात्र पुढची तीस-चाळीस वर्षे वरच राहिला. शहर हे जगण्यासाठी खेड्यापेक्षा सुरक्षित ठिकाण झाले. भारताच्या नमुना नोंदणीत (जन्म-मृत्यूंच्या सरकारी पाहणीत) २०२० मध्ये हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू ग्रामीण भागात ३१ आणि शहरी भागात १९ होते. मँचेस्टरच्या काळात हे आकडे उलट बाजूंना असते. मुंबईनेही तो काळ पाहिला आहे: १८९६ च्या प्लेगने शहर रिकामे केले, आणि त्यानंतर १८९८ मध्ये वस्त्या आणि रस्ते सुधारण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या पुस्तकांत क्वचितच येते. युरोपात खेड्यांतली जादा माणसे फक्त शहरांत गेली नाहीत. १८५० ते १९१४ या काळात चार कोटींहून अधिक युरोपीय लोक समुद्र ओलांडून अमेरिका, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलियाकडे गेले. त्यामुळे त्यांच्या शहरांवरचा भार तेवढा हलका झाला. आजच्या बिहारमधल्या किंवा नायजेरियातल्या तरुणासाठी असे रिकामे करून ठेवलेले खंड नाहीत. (ते खंड रिकामे नव्हतेच, तिथल्या मूळ रहिवाशांची जमीन हिसकावून ते मोकळे केले गेले होते.)

म्हणजे आपल्या शहरांची वाढ स्थलांतरामुळे होत नाही?

होते, पण लोक समजतात तितकी नाही. शहरांची लोकसंख्या तीन मार्गांनी वाढते. शहरात राहणाऱ्यांना मुले होतात. बाहेरून माणसे येतात. आणि गावांचे रूपांतर शहरात होते किंवा शेजारची गावे शहराच्या हद्दीत घेतली जातात. भारतात २००१ ते २०११ या दशकात जी शहरी वाढ झाली तिच्यात नैसर्गिक वाढीचा, म्हणजे शहरांतल्या जन्मांतून मृत्यू वजा जाता उरलेल्या वाढीचा, वाटा सर्वांत मोठा होता: साधारण ४४ टक्के. त्याखालोखाल गावांना शहर ठरवल्यामुळे आणि हद्दवाढीमुळे झालेली वाढ. गाव सोडून शहरात आलेल्यांचा निव्वळ वाटा पाव हिश्श्याहूनही कमी भरतो.

सभेत, वर्तमानपत्रात, लोकलच्या डब्यात "लोंढे" म्हणून ज्यांचा उद्धार होतो त्यांच्यावर शहराच्या सगळ्या वाढीचे खापर फोडता येत नाही. जे "लोंढ्यां"बद्दल बोलतात त्यांच्या स्वतःच्या आजोबांनी कधीतरी साताऱ्याहून, राजापूरहून किंवा जुन्नरहून मुंबईची वाट धरलेली असते, आणि नंतरची वाढ त्यांच्या घरातल्या नातवंडांनी केलेली असते. पाणी, शाळा, घरे कमी पडतात याचे उत्तर त्या नातवंडांना मोजून नियोजन करण्यात आहे.

नायजेरियासारख्या देशांत नैसर्गिक वाढीचा वाटा आणखी मोठा आहे, कारण तिथे शहरी कुटुंबांतही सरासरी चारच्या आसपास मुले होतात. भारतात आता चित्र बदलते आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शहरी जननदर (एका स्त्रीमागे सरासरी मुले) १.६ वर आला होता, ग्रामीण २.१. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतो. म्हणजे येत्या दशकांत आपली शहरे स्वतःच्या मुलांच्या बळावर पूर्वीसारखी वाढणार नाहीत, आणि तेव्हा स्थलांतराचा वाटा खरोखर मोठा दिसू लागेल.

भारतात शहरीकरण फार वेगाने होत आहे, हे खरे आहे ना?

माणसांच्या संख्येत पाहिले तर खरे आहे. १९५१ मध्ये ६.२ कोटी लोक शहरांत होते, २०११ मध्ये ३७.७ कोटी. सहा पट. कोणत्याही नगरपालिकेच्या नळाला आणि गटाराला हे झेपणारे नव्हते. २००१-११ या दशकात तर, स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच, शहरांत पडलेली भर खेड्यांत पडलेल्या भरीपेक्षा किंचित जास्त होती.

प्रमाणात पाहिले तर मात्र भारत संथ आहे. १९५१ मध्ये १७.३ टक्के, २०११ मध्ये ३१.२ टक्के. साठ वर्षांत चौदा अंकांची चढ. अमेरिकेची पातळी १८५० मध्ये १५ टक्के होती, १८९० मध्ये ३५. चाळीस वर्षांत वीस अंक. चीन १९७८ मध्ये १८ टक्क्यांवर होता आणि २०११ मध्ये ५१ टक्क्यांवर पोहोचला, म्हणजे वर्षाला एक अंक. आणि १९८० च्या सुमारास भारत या बाबतीत चीनच्या पुढे होता.

आपल्या शहरी लोकसंख्येचा दशकवाढीचा दरही उतरत आला आहे: १९७१-८१ मध्ये ४६ टक्के, १९८१-९१ मध्ये ३६, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत ३२ च्या आसपास. आपल्याला वेग जाणवतो तो गर्दीमुळे. शंभर कोटींच्या देशात एक टक्का म्हणजे एक कोटी माणसे.

भारत संथ का? लोक गाव पूर्णपणे का सोडत नाहीत?

मला हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो, कारण विकसित देशांच्या इतिहासाशी आपले खरे वेगळेपण इथे आहे.

श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार भारतातले सुमारे ४५ टक्के कामकरी लोक आजही शेतीवर आहेत, आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा त्याच्या निम्माही नाही. दर माणशी उत्पन्नातली ही दरी पाहता लोकांनी केव्हाच शेती सोडून जायला हवे होते. ते जातातही, पण अर्धेच जातात.

मुंबईचा गिरणगाव याच पद्धतीवर उभा राहिला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईत हजार पुरुषांमागे साडेपाचशेच्या आसपास स्त्रिया होत्या. पुरुष गावच्या मंडळाच्या बैठकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत, आणि बायको-मुले कोकणात किंवा घाटावर शेत आणि घर धरून असत. गिरणीची नोकरी बेभरवशाची, खोली दहाजणांत, म्हातारपणी पेन्शन नाही. गावचे घर हाच विमा होता. १९८२ चा संप चिघळला तेव्हा हजारो गिरणी कामगार गावी परतले, ते गाव सुटलेले नव्हते म्हणूनच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि देशभरातले मजूर पायी निघाले, त्याचे कारणही हेच. ज्या शहरात कामाशिवाय एक महिनाही काढता येत नाही ते शहर त्यांचे झालेलेच नव्हते.

आज याच पद्धतीची वेगवेगळी रूपे आहेत. बीड, जालना, धाराशिव, अहिल्यानगर भागांतली जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या आसपास कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ही तर शहरात जातही नाहीत. एका शेतातून दुसऱ्याच्या शेतात जातात. बांधकामावर, वीटभट्टीवर, हॉटेलांत काम करणारे पाच-सहा महिन्यांनी गावी फिरून येतात. सातबारा, मतदान, देव, लग्नकार्य सगळे गावाकडे. रेशन कार्डही वर्षानुवर्षे गावातच चालत असे. एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यात चालावे म्हणून "एक देश, एक रेशन कार्ड" योजना २०१९ मध्ये सुरू झाली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर ७२ वर्षांनी. त्यात शहरात परवडणारी भाड्याची खोली मिळणे कठीण, आणि जात, धर्म, भाषा पाहून खोली नाकारणारे घरमालक अजूनही आहेत. गावात अडीअडचणीला भाऊबंद उभे राहतात. शहरात ती जागा घेईल असे काही उभे केलेले नाही.

पश्चिम युरोपात कारखान्यांमागून वृद्धापकाळाची पेन्शन, अपघाताची भरपाई, नगरपालिकेची घरे आली, आणि कुटुंबांनी गाव सोडून दिले. आपल्याकडे नव्वद टक्क्यांच्या आसपास कामगार असंघटित क्षेत्रात आहेत. त्यांच्यासाठी गाव सोडणे म्हणजे एकमेव आधार सोडणे. ते गावाला धरून राहतात यात मला मागासलेपण दिसत नाही. ज्यांना दुसरा आधार कोणी दिलेला नाही, त्यांनी केलेला तो पक्का हिशेब आहे.

मग चीनने हे कसे साधले?

कारखान्यांनी, आणि माणसांची मोठी किंमत मोजून. १९८० मध्ये शेनझेनला विशेष आर्थिक क्षेत्र झाले. २०२० च्या जनगणनेत तिथे पावणेदोन कोटींहून अधिक लोक होते. कापड, खेळणी, इलेक्ट्रॉनिक्स अशा फारसे शिक्षण न लागणाऱ्या कामांनी खेड्यांतल्या मुलामुलींना कोट्यवधी नोकऱ्या दिल्या. भारतात वस्तुनिर्मितीचा वाटा देशाच्या उत्पन्नाच्या साधारण सहाव्या हिश्श्याभोवतीच अडकून राहिला. आपली वाढ झाली ती सॉफ्टवेअर, बँका, सेवा यांत, जिथे दहावी नापास तरुणाला रखवालदार किंवा डिलिव्हरी बॉय यापलीकडे फारशी जागा नाही.

पण चीनच्या आकड्यातही एक भेग आहे. तिथे १९५८ पासून हुकोउ ही कुटुंबनोंदणी चालते. नोंद गावची असेल तर शहरातली सरकारी शाळा, दवाखान्याच्या सवलती, घरे सहज मिळत नाहीत. २०२३ मध्ये शहरांत राहणारे ६६ टक्के होते, पण शहरी हुकोउ असलेले ४८ टक्केच. मधले जवळपास पंचवीस कोटी लोक शहरात राबतात, आणि हक्क मात्र गावात आहेत. कित्येकांची मुले आजी-आजोबांपाशी गावात वाढतात. आपल्याकडे असा कायदा नाही, तरी परिणाम पुष्कळसा तोच.

"शहर" कोणाला म्हणायचे हे प्रत्येक देशात सारखेच आहे का?

अजिबात नाही, आणि दोन देशांचे आकडे शेजारी ठेवताना हे आधी तपासावे. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये सलग वस्तीत २०० लोक राहत असले की ती शहरी वस्ती. अमेरिकेत दीर्घकाळ २,५०० लोकांचा उंबरठा होता. २०२० मध्ये तो ५,००० लोक किंवा २,००० घरे असा केला, आणि देशाची शहरी पातळी ८०.७ वरून ८०.० टक्क्यांवर उतरली. श्रीलंकेत १९८७ मध्ये लहान गावांच्या नगरसभा रद्द करून ती प्रादेशिक सभांत घातली, आणि ती सगळी वस्ती आकडेवारीत ग्रामीण झाली. म्हणून २०१२ ची तिथली पातळी १८ टक्के दिसते. कोलंबोच्या आसपासचा भाग पाहिलेल्या कोणालाही तो आकडा पटणार नाही.

भारताचे निकष जगातल्या कडक निकषांपैकी. नगरपालिका, महानगरपालिका, नगरपंचायत किंवा छावणी मंडळ असेल तर ते वैधानिक शहर. ते नसेल तर तीन अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात: किमान ५,००० लोकसंख्या, चौरस किलोमीटरला किमान ४०० लोक, आणि मुख्य कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर. अशा गावाला जनगणना शहर म्हणतात. डेन्मार्कचा नियम आपल्याकडे लावला तर महाराष्ट्रातली वाड्यावस्त्या सोडून जवळजवळ सगळी गावे शहरे ठरतील.

२००१ मध्ये देशात १,३६२ जनगणना शहरे होती. २०११ मध्ये ३,८९४ झाली. केरळ २६ टक्क्यांवरून एका दशकात जवळपास ४८ टक्क्यांवर गेला. तिथे कोणी गावे सोडून पळाले नव्हते. लोक राहत होते तिथेच राहिले, त्यांनी शेती सोडली आणि गल्फचा पैसा आला. गोव्याच्या ६२ टक्क्यांचेही तसेच आहे. पणजी, मडगाव, वास्को, म्हापसा यांच्या पलीकडची गोव्यातली बहुतेक "शहरे" ही जनगणना शहरे आहेत आणि त्यांचा कारभार पंचायतीच करतात.

जनगणनेने शहर म्हटले म्हणून गावाला नगरपालिका मिळत नाही, हा यातला खरा दुखरा भाग. तो निर्णय राज्य सरकारचा. गावकऱ्यांनाही पुष्कळदा नको असतो: घरपट्टी वाढेल, ग्रामविकासाचा निधी थांबेल, सरपंचाची सत्ता जाईल. हिंजवडीत राजीव गांधी आयटी पार्क उभा राहिला, जगभरच्या कंपन्या आल्या, रोज लाखाच्या घरात लोक येऊ-जाऊ लागले, तरी वर्षानुवर्षे कारभार ग्रामपंचायतीकडेच राहिला. पुण्याभोवतीची २३ गावे २०२१ मध्ये महापालिकेत घेतली, तेव्हा तिथे अनेक मजल्यांच्या इमारती केव्हाच उभ्या होत्या आणि पाणी टँकरने येत होते. आधी सदनिका, मग टँकर, मग कित्येक वर्षांनी हद्दवाढ, हा आपला क्रम आहे. रस्ता, गटार आणि जलवाहिनी शेवटी येतात आणि तेव्हा त्यांना जागाच उरलेली नसते.

जागतिक बँकेने वस्तीची दाटी आणि मोठ्या शहरापर्यंतचा प्रवासवेळ लावून २०१० सालासाठी भारताची पातळी काढली, ती ५५ टक्क्यांच्या आसपास आली. जनगणनेचा आकडा ३१. या दोन आकड्यांमधल्या जागेत कोट्यवधी भारतीय राहतात.

संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२० मध्ये सर्व देशांसाठी एक समान पद्धत मान्य केली आहे. तीत प्रशासकीय हद्दी न पाहता वस्तीची दाटी पाहतात. त्या पद्धतीवर आधारलेल्या २०२५ च्या अहवालात टोकियोऐवजी जकार्ता जगातले सर्वांत मोठे शहर ठरले.

कारखाने नसतानाही काही देश शहरी कसे झाले?

लॅटिन अमेरिकेत जमीन मोजक्या जमीनदारांच्या हाती होती. यंत्रे आली, कुळे आणि मजूर बाहेर पडले, आणि त्यांच्याकडे परतायला स्वतःचा तुकडाही नव्हता. ब्राझील १९५० मध्ये ३६ टक्के शहरी होता, २०१० मध्ये ८४. आपल्याकडच्या अर्ध्या एकराच्या तुकड्यानेही माणूस गावाला बांधून ठेवला. ब्राझीलमध्ये तो बांध नव्हता. उद्योग आले, पण माणसांइतके नाही, आणि फावेला, म्हणजे तिथल्या झोपडपट्ट्या, वाढल्या.

आफ्रिकेत तेल, तांबे, हिरे यांच्या निर्यातीचा पैसा राजधानीत येतो, सरकारी नोकऱ्या आणि बाजार तिथेच, म्हणून माणसेही तिथेच. अंगोलात १९७५ ते २००२ च्या यादवीत लोक जीव वाचवायला लुआंडाला आले. दुष्काळ आणि युद्ध ही तिथे पगाराइतकीच मोठी कारणे आहेत.

झांबियात मात्र उलटे झाले. तांब्याचे भाव कोसळले, खाणींतल्या नोकऱ्या गेल्या, शहरात अन्न महागले, आणि लोक शेतीकडे परतले. १९८० मध्ये तिथली शहरी पातळी ४० टक्के होती, २००० मध्ये ३५. लोक झगमगाटाला भुलून शहरात येतात असे म्हणणाऱ्यांनी झांबियाचा दाखला जरूर पाहावा. काम गेले की माणूस परततो.

महाराष्ट्राच्या आतच इतका फरक का?

२०११ मध्ये राज्याची पातळी ४५.२ टक्के होती, आणि शहरांत राहणाऱ्यांची संख्या, पाच कोटींहून अधिक, देशात सर्वांत जास्त. पण ठाणे जिल्हा ७७ टक्के आणि गडचिरोली ११. विकसित-विकसनशील हा फरक एका राज्याच्या नकाशातच मावतो.

कोकणाकडे पाहावे. सिंधुदुर्ग १२.६ टक्के, रत्नागिरी १६ टक्के शहरी. आणि २००१-११ मध्ये या दोन्ही जिल्ह्यांची एकूण लोकसंख्याच घटली. तिथली माणसे शहरी झाली ती मुंबई-ठाण्यात जाऊन. चाकरमानी मोजले जातात नालासोपाऱ्यात, आणि गणपतीला घर उघडते सावंतवाडीत. जिल्ह्याचा आकडा पाहून "कोकण ग्रामीण आहे" म्हणणे त्या कुटुंबांच्या बाबतीत अपुरे ठरते.

शहरांकडे येणाऱ्यांना रोखून वेग कमी करता येईल का?

प्रयत्न पुष्कळ झाले. जकार्ताने १९७० मध्ये बाहेरच्यांसाठी शहर बंद जाहीर केले. शहर वाढतच राहिले. दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांना शहरात राहायला परवाना लागे; ते पास कायदे १९८६ पर्यंत टिकले, आणि त्यांची घरे मोडण्यापलीकडे त्यांनी काही साधले नाही. रोजगार हमीची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात ती १९७२ च्या दुष्काळातून पुढे आली, आणि नाइलाजाने होणारे स्थलांतर तिने काही प्रमाणात टाळले. ते चांगलेच झाले. पण जो आपल्या मर्जीने, चांगल्या कामासाठी निघाला आहे त्याला थांबवण्याचा अधिकार कोणाला नाही, आणि थांबवून कोणाचे भलेही होत नाही.

२०११ नंतरचे भारताचे खरे आकडे कधी मिळतील?

२०२१ ची जनगणना झाली नाही. जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन देशाच्या बहुतेक भागांसाठी १ मार्च २०२७ आहे. तोपर्यंत वाचायला मिळतात ते अंदाजच. कोणी २०११ नंतरची नेमकी टक्केवारी ठासून सांगितली तर ती प्रत्यक्ष मोजणीतली नसून अंदाजातली आहे असे समजावे. नवे तक्ते आले की आधी तीन गोष्टी पाहाव्यात: जनगणना शहरांची संख्या किती झाली, त्यांतल्या कितींना मधल्या सोळा वर्षांत नगरपालिका किंवा नगरपंचायत मिळाली, आणि स्थलांतराच्या तक्त्यात कामासाठी आलेल्या स्त्रियांचा आकडा किती बदलला. बायको-मुले सोबत येऊ लागली असतील, तर तो त्या आकड्यात पहिल्यांदा दिसेल.